उंदरांची डाक्टरीण

पिंपळीच्या सारजाबाईंचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. त्यामुळं त्या हळू बोलल्या तरी दोन वावरं पलीकडं ऐकू जाई. लेक माधवी पुण्यात उंदरांच्या मेंदूवर संशोधन करत होती. गावाला सांगताना सारजाबाईंनी त्यातले उंदीर गाळले, मेंदू गाळला आणि ‘डाक्टर हाय’ एवढंच ठेवलं.

त्या शब्दावर लोणी देवकरच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या विजयसिंहचं स्थळ चालून आलं. पोहे संपताच मुलाच्या आईनं, दगडाबाईंनी, गुडघा माधवीपुढं केला. “बघ गं बाई, हितं लई कळ येती.”

माधवीनं आईकडं पाहिलं. आईनं छपराच्या पत्र्याकडं पाहिलं.

“मावशी, मी माणसांची डॉक्टर नाही. उंदरांवर काम करते.”

“आमच्या उसाचा भुगा केलाय त्यांनी! अन् तू त्यास्नी औषध देतीस?”

“औषध नाही. शिकवते.”

सारजाबाईंना वाटलं, जमीन फाटावी. माधवीला मात्र आता थांबायचं नव्हतं. “मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते. दोघींच्या जोडावर एक प्रथिन असतं, ते निरोप पोचवायला मदत करतं. आमच्या काही उंदरांत ते जन्मापासून कमी आहे. त्यांना काल शिकवलेली वाट आज सापडत नाही. नवा उंदीर शेजारी आला तरी ते लांब कोपऱ्यात बसून राहतात.”

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या. विजयसिंह आल्यापासून तिथंच गप्प बसला होता. पिंपळीत शिरताना तो दोनदा रस्ताही चुकला होता.

“अगं बया!” दगडाबाई म्हणाल्या. “ह्याच्यातबी ते कमी हाय का काय?”

“न्हाय वो ताई,” सारजाबाई घाईनं म्हणाल्या, “मटकी खाल्ली की भरून निघंल!”

“आई, ते खाऊन वाढत नाही.”

एवढ्यात विजयसिंहनं घसा साफ केला. “ते प्रथिन उंदरास्नी मागनं मिळालं, तर सुधारत्यात का?”

माधवी पुढं सरकली. असं तिला घरात कुणी विचारलंच नव्हतं. “तेच बघतोय. वाट शिकायला लागलेत. बुजरेपणा मात्र जात नाही.”

“मंग माझं अवघड हाय,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. माधवीही हसली.

दोघं बोलत राहिले. चहावर साय धरली. सारजाबाईंना मध्ये एक शब्द घालावासा वाटेना. लेक एवढं गोड बोलते, तेही उंदरांबद्दल, आणि आपण ते लपवत बसलो, ह्याचं त्यांना वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी विजयसिंह पुण्याला गेला. उंदरांच्या खोलीत त्याला सोडलं नाही, म्हणून दोघं बाहेरच्या बाकावर गप्पा मारत बसले. संध्याकाळी माधवीचा फोन आला, “आई, त्यांना हो कळव.”

सारजाबाई आधी रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “त्या प्रथिनाचं नाव काय गं? लोकांस्नी नीट सांगाया पायजे.”

माधवीनं तीनदा सांगितलं. शेवटी सारजाबाईंनी फोन शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या हातात दिला. “आप्पा, तुमीच ऐका. माझी जीभ वळंना.”