गडावरचे चिनी तुकडे

उल्हासनगरात ज्या गच्च्या पावसात गळत नाहीत, त्यातल्या निम्म्या तरी आमच्या जनूकाकांच्या हातच्या असतील. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे ओल्या सिमेंटात चिकटून चिकटून बसवायचे, मधे नखभरही जागा सोडायची नाही, हे त्यांचं काम. चायना मोझॅक म्हणतात त्याला. सिंधी शेठ त्यांना कारीगर म्हणून खुर्ची द्यायचे. आमच्या वाडीत मात्र ते नुसते गवंडी, आणि हे त्यांना कायम टोचायचं. वाडीत मान हवा होता आणि तो त्यांनी मिळवलाही. मिळवला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

बदलापूरच्या पुढे, मोरदांड्याच्या गडाखाली आमची वाडी. गड म्हणजे वर पायाचे चार दगड आणि एक बुजलेलं टाकं. पण पाऊस उघडला की तिथल्या मातीतून चिनी मातीचे तुकडे डोकं काढायचे. पांढऱ्यावर निळी फुलं, कुठे माशाची शेपटी. आम्हाला ती खापरं वाटायची, काकांना ते सामान वाटलं. म्हाताऱ्यांना चढवत नाही म्हणून आम्ही गडदेवी खाली आणून बसवली होती, पण तिला ओटा नव्हता. काका पावसाळा संपला की गड पालथा घालायचे, घमेली भरभरून तुकडे उतरवायचे. शेवटी त्यांनी असा ओटा बांधला की नवरात्रात बदलापूरहून माणसं बघायला आली. त्यांची बायको गोजरबाई तो रोज पदरानं पुसायची.

२००६ साली गडावर खडीची खाण मंजूर व्हायची वेळ आली. खाणमालकाचं म्हणणं सरळ होतं: सरकारी यादीत हा गड नाहीच, हा साधा डोंगर आहे. आता तो डोंगर सुरुंगानं फुटू लागल्यावर खालची कुडाची घरं काय टिकणार? गावकऱ्यांनी कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या यशोधरा मॅडमना गाठलं. ओटा बघताच त्या खाली मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, ही चीनमधली भांडी, तीन-चारशे वर्षांपूर्वी जहाजानं आलेली. अशा थाळ्यांत जेवणारी माणसं वर राहत असतील तर हा गड नांदता होता, आणि नांदता गड फोडू देत नाहीत. आता फक्त हे वर कुठे पडलेले असतात ते दाखवा.

काकांनी छाती पुढे काढली.

"वर काय नाय आता. येक तुकडा सोडला नाय मॅडम. गड झाडून काढलाय."

मॅडमचा चेहरा उतरला. रागावल्या नाहीत, समजावून सांगितलं. तुकडा मातीत जिथे पडलाय तिथेच तो साक्ष देतो. सिमेंटात बसवला की तो गडावरचा की उल्हासनगरच्या बाजारातला, कोण सांगणार? तरी त्या म्हणाल्या, मी अधिकाऱ्यांना पाहणीला आणते, जमिनीखाली अजून काही असेल.

काकांना तेवढा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी छिन्नी-हातोडा घेऊन ते स्वतःचाच ओटा फोडायला बसले. गोजरबाई आडवी आली, देवीच्या अंगाला हातोडा लावू नका म्हणाली. काकांनी तिला बाजूला केलं. तुकडे घासले, वर नेले आणि जिथले तिथे पुरले. कुठला तुकडा कुठून उचलला होता हे त्यांना पाठ होतं.

पाहणीच्या दिवशी साहेबांनी माती खरवडली. पहिलाच तुकडा निघाला, तो त्यांनी उलटा केला. कडेला सिमेंट. दुसऱ्यालाही. गच्ची गळू नये असं पक्कं लावायची सवय, ते सुटणार कसं! "बाहेरून आणून पुरलेले" असा शेरा बसला. त्या साहेबाचा मला अजून राग येतो, पण समोर जे होतं तेच तो बोलला. खरे तुकडे आमच्याच माणसानं खोटे करून ठेवले होते.

दिवाळीनंतर सुरुंग सुरू झाले. भिंतींना तडे गेले, एकेक घर अंबरनाथ पश्चिमेला भाड्याच्या खोलीत जायला लागलं. वाडीत काकांशी कुणी बोलेना. ते मात्र रोज खाणीच्या काठावर जाऊन बसायचे.

अशाच एका सकाळी जेसीबीनं कापलेल्या मातीच्या उभ्या भिंतीत त्यांना वाटी दिसली. आख्खी, निळ्या फुलांची, अर्धी बाहेर आलेली, आणि तिच्याखाली थाळ्यांची चळत. सिमेंटचा स्पर्श नाही. काकांनी बोटसुद्धा लावलं नाही. धावत खाली येऊन त्यांनी मॅडमना फोन केला. हात लावू नका, मी अधिकाऱ्यांना घेऊन उद्या येते, म्हणाल्या. काका परत जाऊन त्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सुपरवायझर आधी हसला. हेपण तूच पुरलंस का, म्हणाला. मग त्यानं दोघांकरवी त्यांना ओढून काढलं आणि जेसीबीला खूण केली. एका घासात सगळं डंपरमध्ये गेलं, तिथून क्रशरवर.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा भिंतीच्या जागी नुसती पोकळी होती. त्यांना रडू आवरेना.

"निदान ती एक वाटी तरी उचलून ठेवायची होती हो, जनूभाऊ."

काकांनी आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

"माज्या हातानं उचलली असती, तर खरी मानली असती कुनी?"