जाणाऱ्यांचं जेवण

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी आईनं मला निरोप दिला नाही. मीच तिला दिला. माझं विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. शेजारच्या काकू, बाबांच्या कामावरचे मित्र, सगळे मला सोडायला एअरपोर्टवर येणार होते. आई मात्र दुपारीच रोजची पिशवी घेऊन खांदेश्वर स्टेशनाबाहेर तिच्या कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती, आणि मी तिच्याशेजारी.

"रजा नाही मिळाली का गं?" मी विचारलं.

"मागितलीच न्हाई. एअरपोर्टवर येऊन मी काय करू? काचेच्या दारातनंच परतायचं. कामावर गेले तर तुझा ट्रे तरी लावीन."

बस आली. "पोटभर खा. पाव टाकू नको," एवढंच म्हणून ती चढली. बस वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. तिला दिसला की नाही, कोण जाणे. पोरगी परदेशी निघालीय आणि आई शिफ्टला जाते, हे मला तेव्हा फार लागलं होतं. काकूंनी विचारलं तेव्हा मी खोटंच सांगितलं की तिला रजा मिळाली नाही.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे दूर गेले आणि ज्यांनी त्यांना जाऊ दिलं, त्या सगळ्यांना हे सांगायचं आहे. ती शिफ्टला का गेली हे मला कळायला एक आख्खं विमान लागलं.

आई रबाळ्याला एका फ्लाइट किचनमध्ये कामाला होती. विमानात जे जेवण मिळतं ते अशा किचनमध्ये तयार होतं. लांब पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात, समोरून रिकामे ट्रे सरकत येतात, आणि प्रत्येकीनं आपली वस्तू आपल्या जागी ठेवायची. सॅलडची डबी, लोणी, गोडाची वाटी, कप, चमच्यांचं पाकीट. भरलेले ट्रे ट्रॉलीत जातात, ट्रॉलीला सील लागतं, ट्रक एअरपोर्टकडे निघतो. आई म्हणायची, "गेटच्या बाहेर आमचं काम संपलं." इतकी वर्षं विमानाचं जेवण लावूनही तिनं विमान आतून पाहिलं नव्हतं.

आम्ही मूळचे दहिवडीचे. माझी दहावी तिथल्याच शाळेत झाली. बाबांना जासईच्या कंटेनर यार्डात ड्रायव्हरची नोकरी लागली आणि आम्ही मुंबईजवळ खांदेश्वरला आलो. माझं नर्सिंगचं कॉलेज सुरू झालं तेव्हा बाबांच्या पगारात भागेना, म्हणून आईनं हे काम धरलं. पहिल्याच दिवशी तिला सांगण्यात आलं की आत बांगड्या, मंगळसूत्र, काही चालणार नाही. जेवणात काच जायची भीती असते. नियम बरोबरच होता. पण आईनं लग्नापासून हात कधी मोकळे ठेवले नव्हते. ती रोज बांगड्या उतरवायची, रुमालात बांधून लॉकरमध्ये ठेवायची आणि सुटल्यावर पुन्हा भरायची. घाईत एखादी फुटायची. मग तिनं कामाच्या दिवशी बांगड्या घालणंच सोडलं; मंगळसूत्र तेवढं रुमालात बांधून लॉकरमध्ये जायचं. एकदा ती कामावरून थेट दहिवडीला गेली, तिथं हळदीकुंकवात एक चुलती सगळ्यांसमोर म्हणाली, "नवरा धडधाकट असताना हात मोकळे? मुंबईची फॅशन का?" आई हसली आणि म्हणाली, "पोरीची फी हाय ती." आमच्या घरातली पहिली पदवी अशी आली.

जर्मनीची नोकरी ठरली, तिकीट काढायची वेळ आली, तेव्हा आईनं एका ठरावीक कंपनीच्या विमानाचाच हट्ट धरला. दुसरं स्वस्त मिळत होतं. बाबा वैतागले. "लोक विमान बघून तिकीट काढतात. ही भटारखाना बघून काढते." आईनं ऐकलं नाही. त्या कंपनीचं जेवण तिच्या किचनमधून जायचं.

विमानात दिवे मंद झाले आणि ट्रॉली आली. बहुतेक लोक ब्लँकेट ओढून झोपायच्या तयारीत होते. इतक्या अपरात्री कुणाला जेवायचं असतं? शेजारच्या बाईंनी हातानंच नको म्हटलं. माझ्यापुढं ट्रे ठेवला गेला. डावीकडे सॅलड, उजवीकडे कप, मध्ये फॉइलची गरम डबी, कोपऱ्यात पाव. आई घरी सुट्टीच्या दिवशी ताटं वाढायची तेव्हासुद्धा वाटी-भांडं त्याच जागी पडायचं, आणि बाबा तिला चिडवायचे. त्या ट्रेकडे बघताना मला दुपारची बस आठवली आणि हुंदका आला. हाच ट्रे तिनं लावला असेल असं काही नव्हतं. पट्ट्यावर कुठला कुणाचा, हे त्यांनाही कळत नाही. पण ती तिथं उभी होती आणि हे तिच्यासमोरून गेलं होतं. विमान समुद्रावर आल्यावर जे मला शेवटचं घरचं मिळू शकत होतं, ते द्यायला ती गेली होती. मी सगळं खाल्लं. पावही खाल्ला, लोण्याचं पाकीट चमच्यानं पुसून घेतलं.

फ्रँकफर्टला उतरून फोन केला. "पोचले" म्हणायच्या आत तिनं विचारलं, "खाल्लंस का? सगळं?"

तिचा हा प्रश्न मला पुढं हळूहळू समजला. परदेशातून येणाऱ्या विमानातल्या ट्रॉल्या धुवायला तिच्याच किचनमध्ये यायच्या. त्यामुळे येणाऱ्यांनी काय खाल्लं, काय टाकलं, हे आईला रोज दिसायचं. तिनं लावलेले ट्रे मात्र जाणाऱ्यांबरोबर जायचे आणि दुसऱ्या देशात धुतले जायचे. ते तिथं भरलेले उतरले की रिकामे, हे तिला कधीच कळायचं नाही. तिचं जेवण फक्त घर सोडून जाणाऱ्यांना मिळायचं. इतक्या वर्षांत त्या जाणाऱ्यांपैकी जिला ती विचारू शकत होती अशी मी एकटीच होते.

मी ज्या गावात राहते ते फ्रँकफर्टपासून ट्रेननं दीडेक तासावर आहे. हॉस्पिटलमध्ये माझ्या वॉर्डात बहुतेक म्हातारी माणसं असतात. संध्याकाळी त्यांना पाव, चीज, काकडीच्या चकत्या, असं गार जेवण द्यायचं असतं. इथले लोक त्याला आबेंडब्रोट म्हणतात, संध्याकाळचा पाव. सुरुवातीला मी ट्रे ठेवून पुढं जायची. नंतर सवय लागली, ट्रे परत नेताना झाकण उघडून बघायची. कुणी खाल्लं नसेल तर दोन मिनिटं बसायची. वरिष्ठ नर्स एकदा म्हणाली की तू फार हळू काम करतेस. खरं होतं. तरी मी बसायची.

दरवर्षी घरी जायची, परत निघायची, आणि दरवर्षी आई माझ्या निघायच्या दिवशी शिफ्टला जायची. आता मला ते लागत नव्हतं. खांदेश्वरला बसपाशी आम्ही दोघी उभ्या राहायचो. मग बाबा गेले. अचानक गेले, मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवस झाल्यावर मला परतावं लागलं, आणि आई त्या दुपारी पुन्हा पिशवी घेऊन निघाली. मी म्हटलं, "अगं, आज तरी राहा." ती चप्पल घालता घालता म्हणाली, "आता लॉकरमधी ठेवायचंबी काही न्हाई. सरळ आत जायचं." मी तिच्या गळ्याकडे बघितलं नाही. त्या रात्री विमानात माझ्याच्यानं घास गिळवेना. तरी ट्रे संपवला. ती विचारणार होती.

त्यानंतर माझं एकच चालू झालं. आई, तू इकडं ये. खांदेश्वरच्या घरात एकटी राहू नकोस. कायमचं राहायचे कागद कसे करायचे ते मी विचारून ठेवलं होतं. ती टाळत राहिली. शेवटी गुडघ्यांनी उभं राहणं होईना, तिनं नोकरी सोडली, आणि म्हणाली, "तीन महिने येते. मग बघू." त्या 'मग बघू'वर मी खूप काही बांधलं. जास्तीची खोली असलेलं घर घेतलं. तिच्या खोलीला पडदे शिवले.

तिला आणायला मी स्वतः गेले. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या पट्ट्यावरची शबाना भेटायला आली. उरणकडची, आईपेक्षा बरीच लहान, तोंडानं फटकळ.

"ताई, तुमच्या विमानाचे ट्रे आमीच लावनार हाव," ती म्हणाली. "काय कमी पडलं तर खिडकीतून हाक मारा."

"तू कप नेहमी वाकडा ठेवतीस," आई म्हणाली.

"मग वलखाल ना, शबानाचा हाय म्हनून." दोघी हसल्या, आणि मग हसता हसता शबानानं डोळे पुसले.

विमानात आई खिडकीपाशी बसली. ट्रे आला तेव्हा तिनं हात जोडले, पण जेवायला सुरुवात केली नाही. मान उंचावून पुढच्या, मागच्या रांगा बघत राहिली. पलीकडे एक तरुण मुलगा झोपला होता आणि ट्रॉली त्याला ओलांडून पुढं गेली. आईनं हवाईसुंदरीला हाक मारली. "ओ ताई, त्याला उठवा की. उपाशी झोपलाय त्यो."

"आई, असू दे. त्यांना झोप हवी असते."

"झोप काय, मग कधीबी येती."

हवाईसुंदरी हसली आणि तिनं खरंच त्याला हळूच विचारलं. तो उठला, जेवला. मग आईनं आपला कप सरळ केला. पाव हातात घेतला आणि तशीच थांबली.

"काय झालं?"

"गरम हाय गं," ती म्हणाली. "आमच्याकडनं सगळं गार जातं. मला वाटायचं गारच खात असत्याल." तिनं फॉइलची डबी उघडली, वाफ आली. ती वाफेकडे बघत राहिली आणि मग सावकाश, एक दाणा न टाकता जेवली.

ते तीन महिने मी कधी विसरणार नाही. ड्यूटीवरून आले की घरात फोडणीचा वास असायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना ती खिडकीतून नमस्कार करायची, त्याही करायच्या. आबेंडब्रोट बघून ती पहिल्या दिवशी म्हणाली, "आजारी माणसाला रातच्याला गार? ह्यांच्याकडं चुली न्हाईत का?" मला वाटत होतं ती रमते आहे. एका रविवारी मी कागदांचा विषय काढला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वैशू, हितं मला वाईट काहीच न्हाई. पण दिवसभर मी तुझी वाट बघती. तुझ्या येण्याशिवाय माझ्याकडं दुसरं काम न्हाई. तिकडं दार उघडलं की कुणीतरी हाक मारतं."

"आणि मी? मी इथं एकटीच ना?"

"तू एकटी न्हाईस. तुझ्याकडं इतकी माणसं जेवायची थांबल्यात."

मी खूप बोलले. रडलेही. पडद्यांचंसुद्धा सांगितलं. पण तिचं ठरलं होतं. त्या घराची दुसरी खोली आजही तिच्या नावाची आहे, पण आई तिथं राहत नाही. हे मला मान्य करायला वेळ लागला.

तिच्या निघायच्या दिवशी मी पहाटे उठले. चपात्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. ती दारात येऊन म्हणाली, "विमानात देत्यात की."

"देतात. पण ते मी लावलेलं नसतं."

तिनं डबा पिशवीत ठेवला. फ्रँकफर्टला सुरक्षा तपासणीच्या अलीकडे मला थांबावं लागलं. ती रांगेत पुढं सरकत गेली, एकदा वळली, मग दिसेनाशी झाली. आयुष्यभर निघणारी मी होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी मागं राहिले. घरी येऊन ओटा पुसला, पीठ झाकून ठेवलं, आणि काहीच सुचेना. आई शिफ्टला का जायची, हे त्या दिवशी माझ्या हातांना कळलं. नुसतं उभं राहवत नाही.

रात्रभर झोप नीट लागली नाही. तिचा फोन आला तेव्हा ती अजून टॅक्सीतच होती. "पोचले" म्हणायच्या आत मी विचारलं, "खाल्लंस का? सगळं?"

तिच्याही लक्षात आलं असावं.

"डबा संपला," ती म्हणाली. "ट्रेबी खाल्ला."

"दोन्ही? कशाला?"

"तुझ्या तिकडच्या कुठल्यातरी बाईनं लावला असंल की गं. ती थोडीच विचारायला येणार हाय?" मग म्हणाली, "आणि हे विमान आमच्याच किचनचं. ट्रॉल्या रबाळ्यालाच जाणार. म्हणून नीट आवरून ठेवला. कप सरळ, चमचे पाकिटात. शबानाच्या हातात पडला तर वलखंल."

आता खांदेश्वरच्या गॅलरीतून नव्या विमानतळाचे दिवे दिसतात. आई संध्याकाळी तिथं बसते. जाणारं विमान दिसलं की ह्यांना आत्ता जेवण मिळंल, असं शेजारणीला सांगते. कुणी मला घर कुठं असं विचारलं, की पूर्वी मी खांदेश्वर म्हणायची. आताही तेच म्हणते. पण त्या दिवसापासून जर्मनीतल्या माझ्या ओट्यालाही मी घर म्हणू लागले आहे. तिथून एक माणूस डबा घेऊन निघालं होतं, आणि त्यानं खाल्लं हे कळेपर्यंत मला घास गेला नव्हता.