काठीची मूठ

आईचा गुडघा दाखवायला आम्ही दोघी दवाखान्यात बसलो होतो. समोरच्या बाकावरच्या आजींकडे आमच्याच कारखान्यातली काठी दिसली. आधी बरं वाटलं, मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यांनी काठी डाव्या हातात धरली होती.

आमच्या लाकडी मुठी आजवर एकेक करून घडत. ज्याचा जो हात, त्या बाजूला अंगठ्यासाठी खोबण. आता मूठ प्लास्टिकची होणार होती, एकाच साच्यातून हजारो. तिची खोबण मीच आखली होती, उजव्या हातासाठी. त्याच दिवशी दीर कारखान्यात साचा कापायला घेणार होते.

“आजी, तुम्ही डावखुऱ्या का?”

“नाही गं. उजवा हात लुळा पडलाय.”

मी बाहेर जाऊन दिरांना फोन लावला. “भाऊजी, साचा थांबवा. खोबण नकोच, मूठ दोन्हीकडून सारखी करू.”

“वहिनी, साच्याचं पोलाद मशीनवर चढलंय.”

“अजून कापलं नाही ना?”

पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत राहिली. मग ती थांबली.

हायसं वाटायला हवं होतं. पण लाकडातली चूक एकाच तळव्याला टोचते, साच्यातली किती जणांना टोचेल? आत येऊन मी सगळ्यांचे हात बघत बसले. कुणाची बोटं वाकडी, कुणाचा पंजा सुजलेला. यांतला एकही हात आखताना माझ्या डोळ्यांपुढे नव्हता.

तेवढ्यात आईचं नाव पुकारलं. ती माझं मनगट धरून उठली, आणि तिला अंगठा मिटताच येत नाही, हे मला तेव्हा कळलं.