साडेतीन म्हणजे साडेतीन

तुमच्याविरुद्धचं पत्रक तुमच्याच प्रिंटरवर, तुमच्याच कागदांवर, तुमच्याच नवऱ्याने कौतुकाने छापून दिलंय, असं कधी झालंय तुमच्या बाबतीत? झालं नसेल तर एकतर तुमचं वागणं स्वच्छ आहे, नाहीतर तुमच्या मुलांना अजून लिहिता येत नाही.

माझ्या मुलीला येतं. ती आठ वर्षांची आहे. तिचा भाऊ चार वर्षांचा. त्याला लिहिता येत नाही, पण मागण्या करता येतात.

दोष माझा, आणि माझ्या आधी माझ्या बाबांचा. बाबा सोलापूरहून बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि तिथल्या कामगार संघटनेची पत्रकं लिहू लागले. आमच्या क्वार्टरमध्ये खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली, वह्यांना कव्हरं घातली, पावसाळ्यात बूट वाळवायला आत कोंबलेही तेच कागद. एकदा बाबांनी पाटीवर मनाला येईल तो शब्द लिही म्हणून सांगितलं, तर मी 'निषेध' लिहिला. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून पाटी दाखवली.

त्या घरात तोंडी तक्रार चालत नसे. लिहून द्यायची. कोणाविरुद्ध, काय घडलं, काय हवं. आता बेंगळुरूतल्याच व्हाइटफील्डमधल्या आमच्या फ्लॅटमध्येही तोच कायदा आहे. पत्रकं फ्रिजवर लागतात. 'बाबाने ओला टॉवेल पलंगावर टाकला.' 'या आठवड्यात भेंडी चौथ्यांदा.' नवरा पुण्याचा, त्याला या सगळ्याची मोठी गंमत वाटते. "तुमच्या घरातल्या प्रेमपत्रांतसुद्धा मागण्या असतील," तो लग्नानंतर म्हणाला होता. होत्याच. तीन होत्या, आणि त्यातल्या दोन त्याने मान्य केल्या होत्या.

तर यंदाचा मे महिना. मुलांना सुट्टी, आणि रोज दुपारी वळवाचा पाऊस. सकाळी बाल्कनीतली फरशी चटके देते. दोनपर्यंत वारा पडतो. तीनच्या सुमारास इमारतीमागच्या तळ्याच्या बाजूने आभाळ जांभळं होतं आणि चार-सव्वाचारला कोणीतरी वरून कपाट उलटं करावं तसं सगळं एकदम खाली येतं. वीज जाते, यूपीएस ओरडायला लागतो, आणि मुलं त्याच्याहून मोठ्याने. गारा पडल्या त्या दिवशी धाकट्याने त्या वेचून फ्रिजमधल्या अंड्यांच्या खाचांत एकेक करून लावल्या, "उद्या पिल्लं निघतील" म्हणून. थोरलीने त्याला सांगितलं की पिल्लं निघायला ऊब लागते. मग दोघांनी गारा काढून माझ्या उशीखाली ठेवल्या.

या दोघांना दिवसभर सांभाळायचं आणि भाषांतराचं काम घरूनच करायचं, हे अक्कामुळेच जमत होतं. अक्का म्हणजे आमच्याकडे येणारी बाई. सकाळी आमच्याच मजल्यावरच्या दोन घरांत भांडी घासून ती अकराच्या आधी आमच्याकडे येते, स्वयंपाक करते, मग मुलांकडे बघते. तिची-आमची बोली कन्नड. पूर्वी ती मला मॅडम म्हणायची. मी ते तत्त्व म्हणून बंद करायला लावलं. तेव्हापासून ती मला काहीच म्हणत नाही, नुसती समोर येऊन उभी राहते.

सुट्टी लागली तेव्हाच ठरलं होतं की अक्का साडेतीनला निघणार. कारण तिनेच सांगितलं होतं. तिचं घर मोठ्या नाल्याच्या काठाला, उतारावर. जोराचा पाऊस झाला की अर्ध्या तासात पाणी उंबरा ओलांडतं. घरात तिच्या लेकीचं शिलाईचं मशीन आहे, पायाचं, पण खाली मोटर बसवलेली. लेक त्यावर आख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवते. पाऊस यायच्या आत मशीन चार विटांवर चढवावं लागतं आणि त्याला दोन माणसं लागतात. विटांवर कायमचं ठेवता येत नाही, कारण मग लेकीचा पाय पायडलला पोचत नाही. त्या वेळी शेजारीपाजारी सगळे कामावर. म्हणून अक्काने घरी असायला हवं.

मी मान डोलावली होती. फार समजूतदारपणे डोलावली होती.

आणि मग रोज साडेतीनला अक्का दारात चपला घालायला लागली की मी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणायचे, "अक्का, स्वल्प." जरासं थांब. हे पान होऊ दे. हा फोन होऊ दे. ती चपला काढून परत आत यायची. आता हसू नका, पण त्यातली निम्मी पानं एका पत्रकाची होती. घरकाम करणाऱ्या बायकांच्या एका छोट्या गटासाठी मी ते लिहीत होते. विषय होता कामाची ठरलेली वेळ.

एका मंगळवारी माझं 'स्वल्प' चार वाजून वीस मिनिटांपर्यंत लांबलं. अक्का फाटकाबाहेर पडली आणि आभाळ फाटलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, पदर खोचला, कांदे घेतले.

"पाणी आलं होतं का गं?" मी विचारलं.

"आलं."

"मशीन?"

"मोटर भिजली. उन्हात ठेवलीय." ती कांदा कापत राहिली. "लेकीकडे लग्नाचे अकरा ब्लाउज आहेत. रविवारी लग्न."

मी "अरेरे" म्हणाले. खरंच म्हणाले. आणि कामाला बसले. थोरली टेबलाखाली चादर बांधून केलेल्या तंबूत होती. तिने सगळं ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या संध्याकाळी नवरा ऑफिसच्या कॅबमधून दोन तास अडकून घरी आला, तेव्हा थोरली त्याच्याकडे एक कागद घेऊन गेली. कागद कन्नडमध्ये होता. नवऱ्याला इथे नऊ वर्षं झाली, पण त्याचं कन्नड दुकानदाराला 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणण्यापलीकडे सरकलेलं नाही. अक्षरं तर त्याला सगळी जिलब्यांसारखी दिसतात.

"शाळेचं आहे?" त्याने विचारलं.

"समाजाचं आहे," ती म्हणाली.

त्याने वीस प्रती काढून दिल्या. मला म्हणाला, "अक्षर बघितलंस का पोरीचं? तुझ्यापेक्षा वळणदार." मी मान न उचलता "हं" म्हटलं.

गुरुवारी सकाळी साडेअकराला बेल वाजली. समोरच्या घरातल्या अज्जी. सत्तरीच्या, नाकावर चष्मा, हातात कागद.

"हे तुमच्याकडचं ना? दाराखालून आलं. 'मुलांची संघटना' सभासद घेते का? माझ्या सुनेबद्दल माझ्या दोन मागण्या आहेत."

मी कागद घेतला. त्याचं मराठी साधारण असं होईल:

'पाचव्या मजल्यावरच्या लोकांनो! आमची आई अक्काला साडेतीनला सोडत नाही. ती रोज स्वल्प म्हणते. आईचं स्वल्प म्हणजे चाळीस मिनिटं. आम्ही घड्याळ बघितलं आहे. त्यामुळे अक्काच्या मशीनची मोटर भिजली. आमच्या मागण्या. एक, साडेतीन म्हणजे साडेतीन. दोन, मोटर वाळवायला आईने तिचा हेअर ड्रायर द्यावा. तीन, रोज दोन आंबे. मुलांची संघटना.'

माझी पहिली प्रतिक्रिया, देवाशपथ, अशी झाली की सुरुवात चांगली जमली आहे. दुसरी प्रतिक्रिया यायच्या आत कान गरम झाले.

"किती घरांत टाकलं?" मी ओरडले.

"सगळ्या," धाकटा पलंगाखालून म्हणाला. "लिफ्टमध्ये पण. आंब्याचं माझं आहे."

तोवर अक्का हात पुसत बाहेर आली होती. ती सातवीपर्यंत शिकली आहे. अज्जींच्या समोरच तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येतील. लाज वाटते सांगायला, पण मी त्या क्षणासाठी चेहराही तयार केला होता.

अक्का भडकली.

"कोणी सांगितलं लिहायला?" ती थोरलीला म्हणाली. "मी सांगितलं? मला विचारलंस? त्या दोन घरांत मी भांडी घासते. त्यांना वाटेल, हिनेच पोरांना शिकवलं. उद्या ते म्हणाले नको येऊस, तर? मोटर वाळेल. काम गेलं तर ते कुठल्या उन्हात ठेवू?"

थोरली म्हणाली, "पण ते खरं आहे."

"खरं आहे म्हणून दारोदार वाटायचं? माझं खरं आहे ना ते? तुझं आहे का?"

अज्जी हळूच म्हणाल्या, "मी नंतर येते," आणि गेल्या नाहीत.

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं बायकांच्या बाजूने पत्रकं लिहिते आहे, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात कागद नेऊन 'अक्का, हे बरोबर आहे का गं?' असं एकदाही विचारलेलं नव्हतं.

अक्कानेच मार्ग काढला. "तू जा," ती थोरलीला म्हणाली, "आणि त्या दोन्ही घरी सांग, हे आम्ही लिहिलं, अक्काला माहीत नव्हतं." मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि तुम्हीपण."

म्हणून त्या गुरुवारी आमची मिरवणूक निघाली. पुढे थोरली, मागे मी, मध्ये अर्ध्या चड्डीतला धाकटा. पहिल्या दारात मी म्हणाले, "हे पत्रक आमच्या मुलांनी काढलंय. अक्काने सांगितलेलं नाही, तिला पत्ताच नव्हता."

त्या घरातले काका चष्मा सारखा करत म्हणाले, "पण त्यात लिहिलंय ते खोटं आहे ना?"

"नाही, काका. खरं आहे."

"चाळीस मिनिटं?"

"कधीकधी पन्नास," धाकटा म्हणाला.

दुसऱ्या दारात हे सगळं पुन्हा झालं, फक्त तिथे हसणारी माणसं जास्त होती. दोन्हीकडे त्यांनी अक्काबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्याबद्दल नंतर काढला असेल.

मी बाबांना फोन केला, ते आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला राहतात. त्यांनी पत्रक वाचून दाखवायला लावलं, दोनदा. "मसुदा ठीक आहे," ते म्हणाले. "पण तिला सांग, आंब्याची मागणी पत्रकात घालायची नसते. मालक तेवढीच मान्य करतो आणि बाकीच्या राहून जातात."

मी हातातली सुरी खाली ठेवली. मी जेवणाच्या टेबलावर मुलांसाठी आंबाच चिरत होते.

मग स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "अक्का, साडेतीनला निघून तुला पुरतं का?"

तिने माझ्याकडे बघितलं, मी खरंच विचारतेय की आणखी कुठलं पत्रक लिहायचंय, याचा अंदाज घेत. मग म्हणाली, "नाही पुरत. बस मिळाली नाही तर चालत पाऊण तास. तीनला निघायला हवं. पहिल्या दिवशी साडेतीन म्हटलं, कारण तीनला तुम्ही हो म्हणाला नसता."

थोरलीने टेबलावरचं पत्रक ओढलं, साडेतीन खोडलं, तीन केलं आणि अक्काला दाखवलं. अक्काने मान हलवली. मग म्हणाली, "तो ड्रायर मात्र द्या."

त्याच दुपारी पावणेतीनला तळ्याकडचं आभाळ काळं झालं. तीनला माझी त्या गटाबरोबर व्हिडिओवर बैठक होती, वेळेच्याच पत्रकावर. अक्का पिशवीत ड्रायर घालून दारात उभी राहिली. मी फक्त छत्री पुढे केली. तीन वाजून दोन मिनिटांनी धाकटा ओट्यावर चढला. तीन वाजून दहा मिनिटांनी दोघांनी बाल्कनीचं दार उघडलं आणि सगळा पाला आणि गुलमोहराची फुलं घरात आली. मी तोंडाने 'कामगारांच्या वेळेचा आदर' म्हणत होते आणि पायाने धाकट्याची चड्डी पकडून धरली होती. साडेतीनला गारा. त्याने मूठभर गारा माझ्या पाठीत टाकल्या. मी बैठकीत जी किंकाळी फोडली, ती तिथे हजर असलेल्यांपैकी एकीला घोषणा वाटली आणि तिने उत्तरादाखल मूठ वर केली. मग वीज गेली.

मुलं ओल्या फरशीवर घसरगुंडी करत राहिली आणि मी फोन हातात धरून बसले. तीनला निघाली, चालत गेली असेल तर पावणेचार. नाल्यापाशी पाणी किती असेल. लेक एकटी मशीन ओढत असेल का. आदल्या सगळ्या दिवसांत हा हिशेब अक्का आमच्या घरात कांदे कापता कापता करत असणार, आणि मी तिला 'स्वल्प' म्हणत होते.

चारला फोन वाजला. मागे पावसाचा नुसता धबधबा.

"चढवलं," अक्का म्हणाली. "चारही विटांवर. पाणी आत्ता उंबऱ्याला लागलंय. मोटर वाळली, सकाळी लावून बघू." आणि फोन ठेवला.

आता तुमच्याकडे एक मागणी. हे पान इथेच उघडं ठेवा आणि उठा. तुमच्या घरी कोणी कामाला येत असेल, तर तिला आजच विचारा की पावसात तुझ्या घरी पाणी कुठवर येतं, आणि त्याआधी पोचायला तू इथून किती वाजता निघायला हवंस. ती पहिल्यांदा जी वेळ सांगेल, ती तुम्हाला आवडावी म्हणून सांगितलेली असेल. म्हणून पुन्हा एकदा विचारा, आणि दुसऱ्यांदा सांगेल ती वेळ पाळा.