महाप्याचे एकुलते एक पुरवठादार

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या लघुउद्योजक संघटनेचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एका गाळ्याचा पोटमाळा, त्यावर एक टेबल, एक टाइपरायटर, एक कपाट आणि मी. नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. बी.एस्सी. होऊन मी नेरुळहून तिथे नोकरीला जायला लागले, तेव्हा आईने सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, "इंडस्ट्रीत सेक्रेटरी आहे." प्रत्यक्षात माझं मुख्य काम सभेच्या दिवशी बटाटेवडे मागवण्याचं. वडे आधी वाटले तर सभासद खाऊन पळत. म्हणून व्याख्यान संपेपर्यंत मी ते कपाटात कुलूप लावून ठेवायचे. वक्त्याचं कोणी ऐकत नसे, पण वास येत असल्यामुळे उठूनही जात नसे.

आमचे अध्यक्ष रबराचे सील बनवायचे. कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि तिथे पाहिलेल्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथच्या प्रेमात पडले. मापं टाइप केली की मशीन आपणहून धातू कापतं, आणि शंभरावा नग पहिल्यासारखाच निघतो, एवढंच ते सांगायचे, पण असे सांगायचे की जणू परदेशी सून घरात आणतायत. त्यांनी व्याख्यानांवर व्याख्यानं ठेवली. सभासदांनी वड्यांवर वडे खाल्ले. मशीन कोणीच घेतलं नाही. विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "मशीन चांगलंय सर. आधी बाजूच्याला घेऊ द्या, मग बघू."

आता गंमत अशी, की त्या गल्लीत प्रत्येकाला बाजूचा होता.

हीच माणसं पेजरच्या बाबतीत अशी वागली नव्हती. एकाच्या कमरेला पेजर दिसला आणि पुढच्या महिन्यात अख्खी गल्ली पिकपिक करायला लागली. समोरासमोरच्या गाळ्यांत बसून फोनवरून एकमेकांच्या पेजरवर निरोप पाठवायची. म्हणजे शेजाऱ्याकडे दिसलेली वस्तू हवीच, फक्त पहिला शेजारी व्हायची कोणाची छाती नव्हती. मी हे अध्यक्षांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मग संघटनाच पहिला शेजारी होईल."

झालं. संघटनेने एक मशीन सामायिक घ्यायचं, ज्याला लागेल त्याने पाळीने वापरायचं असं ठरलं. खालच्या मोकळ्या गाळ्यात ते आलं. तोंडाला काच, बाजूला हिरव्या अक्षरांचा पडदा. पूजा झाली, नारळ फुटला आणि लगेच भांडण सुरू झालं. चालवणार कोण? एकाचा कामगार बसवला तर दुसऱ्याच्या मते तो हेर. बाहेरचा माणूस आणला तर तो सगळ्यांच्या मते हेर. शेवटी वाशीत राहणारे एक काका उभे राहिले. हे देशावरचे, आधी मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता स्वतःच्या गाळ्यात सुटे भाग बनवायचे, आणि बोलताना प्रत्येक शब्द मोजपट्टी लावून बोलायचे.

"आपल्या ऑफिसातली मुलगी शिकेल," ते म्हणाले. "तिला लेथमधलं ओ की ठो कळत नाही. हीच तिची सर्वांत मोठी लायकी आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी नेमणूक इतक्या सन्मानाने झाली.

मी मशीनवाल्या कंपनीत जाऊन शिकून आले. पहिल्याच दिवशी हत्यार थेट धातूवर आपटवलं आणि शिकवणाऱ्याने कपाळाला हात लावला. पण टाइपिंग माझं चांगलं होतं, आणि मापं टाइप करणं म्हणजे अर्धं काम. हळूहळू जमायला लागलं.

पहिले आले ते समोरच्या गाळ्यातले दादा. शिरवण्याचे मूळचे. वसाहतीसाठी जमीन गेली तेव्हा मिळालेल्या पैशातून गाळा उभा केलेला, आवाज असा की मशीन चालू असतानाही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल. त्या दिवशी मात्र ते कुजबुजत होते. खिशातून एका सुट्या भागाचा, मापं लिहिलेला, घडी घातलेला नकाशा काढला. त्याचा खालचा कोपरा, जिथे कंपनीचं नाव असतं, कात्रीने कापलेला.

"पोरी, ह्यो कोनाला दाखवायचा नाय हां. एका मोठ्या कंपनीचा बुश हाय. सगल्या इलाक्यात मी एकलाच देतो. साहेबानी सोता सांगलाय, दादा, तुमच्याशिवाय आमचा चालत नाय."

बुश म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती बसणारी पितळेची नळी. मी शपथ घेतली, मापं टाइप केली, दादांनी स्वतः पितळ लावलं. काम झाल्यावर त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय ऱ्हायलं तं नाय ना? पुसून टाक." मी पुसलं.

दोन दिवसांनी काका आले. बॅगेतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला नकाशा निघाला. कोपरा कापलेला, पण काकांचा असल्यामुळे पट्टी धरून.

"हे बघ बाळ, हे गोपनीय आहे. या भागासाठी कंपनीचा मी एकमेव पुरवठादार आहे. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याने मला तसा शब्द दिला आहे."

मी टाइप करायला लागले आणि बोटं आपोआप पुढे पळायला लागली. आतला व्यास तोच, लांबी तीच, बाहेरची खाच तीच. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं. काकांनी काळजीने पाणी आणून दिलं.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत गल्लीतले निम्मे लोक तोच बुश घेऊन आले. कोणी वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणी डब्याच्या पिशवीतून. प्रत्येक नकाशाला कोपरा नाही आणि प्रत्येक मालक एकमेव. प्रत्येकाच्या बोलण्यातून कळलं, की कंपनीचा तो खरेदीवाला साहेब प्रत्येकाला वेगळ्या दिवशी बोलवायचा, चहा पाजायचा, "तुमच्याशिवाय चालत नाही" म्हणायचा. आणि उशीर झाला की हळूच सुचवायचा, "दुसरा एक जण फार मागे लागलाय हो, पण मी तुमच्यासाठी थांबलोय." हा दुसरा एक जण कोण, या धास्तीने सगळी गल्ली रविवारीसुद्धा गाळे उघडे ठेवायची. तो दुसरा समोरच बसलेला असायचा.

मला सांगून टाकावंसं वाटायचं. पण मी प्रत्येकाला वेगवेगळा शब्द दिला होता. तोंड उघडणं शक्य नव्हतं. मशीनने मात्र कोणालाच शब्द दिला नव्हता.

मी पुसणं बंद केलं. दर वेळी तेच टाइप करायचा कंटाळाही आला होता, हे खरं. पण मुख्य कारण ते नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी दादांना आणि काकांना एकाच सकाळची, एकाच वेळेची पाळी दिली आणि निरागस चेहरा करून मशीनपाशी उभी राहिले.

दोघं दारात भेटले. दोघांनी आपापले नकाशे पाठीमागे लपवले.

"माझी पाळी आहे," काका म्हणाले.

"मना पन आजचीच दिली हाय," दादा म्हणाले.

"अगं बाई, घोळ झाला वाटतं," मी म्हटलं. "काका, तुमचं आधी घेऊ. दादा, तुम्ही जरा तिकडे तोंड करा."

दादा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पण कान इकडे. मी बटण दाबलं आणि मोठ्याने म्हणाले, "काका, तुमचं टाइप करायलाच नको. आत आधीच आहे."

"असं कसं? मागच्या वेळी माझ्यासमोर पुसलंस."

"तुमचं पुसलं होतं. हे कालचं दुसऱ्यांचं आहे. पण चालेल, सेम आहे."

काका चष्मा वर सरकवून पडद्यावरची मापं एकेक करून वाचायला लागले. दादा कधी वळले कळलंच नाही. त्यांनी काकांच्या खांद्यावरून पाहिलं आणि नेहमीचा आवाज परत आला. "यो तं माझा बुश!"

"तुमचा?" काकांनी प्लॅस्टिक काढलं. दादांनी खिशातली घडी उलगडली. दोन नकाशे शेजारी ठेवले. दादा बराच वेळ काकांच्या कापलेल्या कोपऱ्याकडे पाहत होते. मग त्यांना इतकं हसू फुटलं की खाली बसावं लागलं. काका हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "हरामखोर." त्यांच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"कोन, मी?" दादांनी विचारलं.

"तुम्ही नाही. तो चहा पाजणारा."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे कोपरे कापलेले नकाशे पोटमाळ्यावर आले. वडे नव्हते, तरी एकही माणूस उठला नाही. अध्यक्षांनी भाषण करायचा प्रयत्न केला, कोणी करू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या कंपनीत गेली. मलाही नेलं, "पुरावा म्हणून". स्वागतकक्षात खुर्च्या पुरेनात. प्रत्येकाच्या हातात एकेक पितळी बुश. साहेब आतून हसत बाहेर आला, आणि हसू तसंच ठेवून त्याच्या डोळ्यांनी सगळी रांग मोजली.

दादा पुढे झाले. "नमस्कार साहेब. आमी सगले एकुलते एक हाव."

स्वागतकक्षातली मुलगी फोन खाली ठेवून फाइलमागे तोंड लपवून हसत सुटली. साहेबाने चहा मागवला. या वेळी पहिल्यांदाच त्याला सगळ्यांसाठी एकदम मागवावा लागला. काकांनी मोजपट्टीच्या भाषेत सांगितलं, की यापुढे काम संघटनेकडे यावं, ते गल्ली आपसात वाटून घेईल, आणि त्या "दुसऱ्या एका जणाचा" उल्लेख पुन्हा होऊ नये. साहेब कबूल झाला. पण तोही कच्चा नव्हता. त्याने अट घातली, की बुश कोणीही बनवला तरी तो जुळ्या भावासारखा दिसला पाहिजे. फरक निघाला तर सगळ्यांचाच माल परत.

आता जुन्या लेथवर ते जमण्यासारखं नव्हतं. सामायिक मशीनपुढे रांग लागली. पाळीवरून भांडणं होऊ लागली. आणि त्यातच गल्लीला नवी काळजी लागली. बुश तर आता सगळ्यांचा झाला, पण बाकीची कामं? ती तर अजून ज्याची त्याचीच होती. मशीनमध्ये काय राहतं आणि कोण वाचतं, हे आता सगळ्यांनी पाहिलेलं होतं. माझ्याकडेही लोक जरा तिरकेच बघायचे.

आधी दादांनी स्वतःचं मशीन घेतलं. मग काकांनी, त्याहून एक हत्यार जास्त बसेल असं. मग पेजरसारखंच झालं. मशीनचा विक्रेता अध्यक्षांना पेढे घेऊन भेटायला आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुमची गल्ली वेगळीच आहे. वेग किती, वॉरंटी किती, कोणी विचारत नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मेमरी मला एकट्याला पुसता येईल ना?"

वार्षिक स्नेहसंमेलनात अध्यक्षांनी तासभर भाषण केलं. संघटनेच्या एकीमुळे, परस्पर विश्वासामुळे आणि ज्ञान वाटून घेतल्यामुळे आपल्या वसाहतीत नवं तंत्रज्ञान आलं, असं ते म्हणाले. दादा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मला कोपर मारलं आणि पुटपुटले, "हस नको, फोटू काढतात."

त्यांच्या गाळ्यातल्या माणसांना ते मशीन शिकवायला मी पुढचे कितीतरी दिवस जात होते. शटर अर्धं खाली ओढूनच.