आळस केला, साहेब

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता ना, बाई?"

इन्शुरन्स कंपनीचे वकील माझ्या पक्षकाराची उलटतपासणी घेत होते.

"व्हय."

"मग का नाही केला?"

शेवंताबाईंनी पिंजऱ्यातनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी फाईलमध्ये डोकं घातलं. फाईलमध्ये वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यांनी काय उत्तर दिलं ते सांगतो, पण आधी माझं पाप सांगतो.

मी धाराशिवच्या कोर्टात सव्वीस वर्षं अपघाताचे क्लेम चालवतोय. वडील तुळजापूरला मास्तर होते. पोरगं जज होईल असं त्यांना वाटायचं. त्या परीक्षेत मी दोनदा आपटलो. मग ज्या सिनियरकडं बसलो त्यांच्याकडं अपघाताच्याच फायली होत्या, म्हणून तेच शिकलो. "लोकांची हाडं मोडली की आमच्या घरात दिवाळी," वडील चेष्टेनं म्हणायचे. हसायचो, पण लागायचं.

आमचं काम असं. गाडीनं माणूस जखमी झाला की भरपाई इन्शुरन्स कंपनी देते. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर लिहून देतो की हात किंवा पाय किती टक्के निकामी झाला. टक्का वाढला की भरपाई वाढते. म्हणून कंपनी गुपचूप आपला माणूस गावात पाठवते आणि तो मोबाईलवर शूटिंग करतो. मुरूम गावच्या माझ्या एका पक्षकाराचा 'कायमचा अधू' पाय असाच भर कोर्टात लॅपटॉपवर दिसला. वरातीत नाचत होता. जजसाहेब माझ्याकडं बघून हसले. माझी पार शोभा झाली. तेव्हापासून मी प्रत्येक पक्षकाराला पहिल्याच दिवशी बजावायचो, केस संपेपर्यंत मोडलेला हात-पाय हलवायचा नाही.

शेवंताबाई आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या. त्यांची खव्याची भट्टी. कढईत दूध आटेपर्यंत मोठ्या उलथण्यानं घोटत राहायचं, हात थांबला की खवा करपला. वीस वर्षं पहाटे चारला उठून हे काम. रस्त्याच्या कडेनं दुधाची किटली घेऊन येताना पिकअपनं उडवलं आणि उजवं कोपर मोडलं. ऑपरेशन होऊन प्लेट बसली. प्लास्टर निघाल्यावर नवरा भगवानराव त्यांना घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी नेहमीचं वाक्य टाकलं. दोघांनी मान हलवली. मी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

केस तीन वर्षं चालली. साक्षीच्या दिवशी सर्टिफिकेट देणारे डॉक्टर मला व्हरांड्यात भेटले.

"वकीलसाहेब, तुमच्या बाईंचं कोपर काटकोनात गच्च बसलंय. हाड छान जुळलं होतं. सुरुवातीचे महिने रोज हलवलं असतं तर हात बराच सुटला असता."

मी शेवंताबाईंना बाजूला घेतलं. "व्यायाम केला नाही का?"

"तुमीच म्हनलाव की, केस संपस्तवर हात हलवायचा न्हाय."

"अहो, लोकांसमोर म्हणालो होतो मी. घरात कोण बघतंय?"

"घरात?" त्या म्हणाल्या. "सायेब, आख्खं गाव दूध घालाया येतंय आमच्याकडं. कोन कंपनीचा, कोन गावचा, म्या कसं वळखावं? झोपताना बी हात गळ्यात बांधून निजले."

 आणि माझ्या तोंडातनं निघालं काय? "हे आत बोलू नका. केस जाईल."

केस गेली नसती. माझी लाज गेली असती. हे मला तेव्हाच कळत होतं.

आत डॉक्टरांची साक्ष आधी झाली. व्हरांड्यात जे बोलले तेच त्यांनी शपथेवर सांगितलं. मग बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि तो प्रश्न आला. व्यायाम का नाही केला?

"आळस केला, साहेब," त्या म्हणाल्या.

स्टेनोनं ते टाईप केलं. मी उठून बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. बसून राहिलो.

निकाल आमच्या बाजूनं लागला, पण रक्कम कापून. कारण म्हणून लिहिलं होतं की अर्जदारानं आळसापोटी उपचारात हयगय केली. वकिलांच्या बाररूममध्ये दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. मी त्यांना चहा पाजला.

निकालाची नक्कल घ्यायला नवराबायको ऑफिसात आले. मी इंग्रजी निकालाचा मराठीत अर्थ सांगत होतो. ती ओळ गाळणार होतो, पण भगवानराव बोट ठेवून एकेक ओळ विचारत होते. सांगावी लागली.

"आळस?" ते बायकोकडं बघत राहिले. "हिनं?"

"चूक माझी आहे, भगवानराव," मी म्हणालो. सगळं सांगितलं. तीन वर्षांनी, बंद दाराआड, जिथं लिहून घ्यायला कुणी नव्हतं. अपील करू, कोर्टात मी खरं सांगतो, असंही म्हणालो.

भगवानरावांनी नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवंताबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. पुन्यांदा त्या पिंजऱ्यात म्या न्हाय चढायची. हात काय येनार हाय का माघारी?"

मी त्यांचा हात सोलापूरच्या हाडाच्या डॉक्टरांनाही दाखवून आणला. उशीर झाला म्हणाले.

आता माझ्याकडं कुणी जखमी माणूस आला की मी आधी डॉक्टरांचा कागद मागतो. त्यात लिहिलेला व्यायाम मोठ्यानं वाचून दाखवतो, करून दाखवायला लावतो, मगच वकीलपत्रावर सही घेतो. कंपनीला काय शूटिंग करायचं ते करू दे. ज्युनियर पोरं म्हणतात, साहेबांनी दवाखाना काढला.

दिवाळीला भगवानराव डबा घेऊन आले. आत खवा होता.

"डाव्या हातानं घोटतीय आता," ते म्हणाले. "हात पुरत न्हाय. जरा बुडाला लागलाय, सांभाळून घ्या म्हनली."

खवा करपलेला होता. मी सगळा खाल्ला.