घशातली झोपलेली पट्टी

समस्त सुजाण जनांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, एकोणीसशे पन्नासच्या दशकात, ऐन लग्नसराईत, अमरावतीच्या एका तरुण भिक्षुकाचा आवाज बेपत्ता झाला. तो भिक्षुक मी.

कडक ताप उतरला आणि गळ्यातून शब्दांऐवजी नुसता वारा येऊ लागला. पातूरच्या एका बड्या शेतकऱ्याकडचं लग्न तोंडावर आलेलं. ते मी पहिल्यांदाच एकट्याने लावायचं होतं. मंगलाष्टकं फसली तर ते यजमानघर कायमचं दुसऱ्या भटजीकडे जाणार, हे वडील दर जेवणाला ऐकवत.

आमच्याकडे आवाज बसला की दोष कफाचा. मग भिजवलेल्या जवसाचं बुळबुळीत पाणी प्यायचं, कांद्याच्या रसाने गुळण्या करायच्या आणि सकाळी विहिरीत तोंड घालून बोंबलायचं. ‘घसा उघडला पाहिजे!’ मी थुंकलो की वडील वाकून वाडग्यात बघत आणि रंगावरून निदान सांगत. ओकारी आवरत मी अकोल्याचा घशाचा डॉक्टर गाठला.

त्याने जिभेला फडकं गुंडाळून ती बाहेर ओढली, माझ्याच हातात धरायला दिली आणि दिव्यावर गरम केलेला दांडीचा आरसा पार आत घातला. लाळ माझ्या कोपरावरून ओघळू लागली. दुसरा आरसा डोळ्यांपुढे धरून तो म्हणाला, “बघा. आता ‘ई’ म्हणा.”

बघितलं. लालसर, ओल्या खड्ड्यात पालीच्या पोटासारख्या दोन पांढऱ्या पट्ट्या! उजवी लगबगीने मध्ये आली. डावी तशीच लोळत पडली. मधल्या फटीत शेंबडासारखा फेस बुडबुडला. शी! इथून मी देवाचं नाव घेत होतो?

“डावीची नस आजारी आहे,” डॉक्टर म्हणाला. “स्नायूला हुकूमच पोचत नाही. दोन्ही पट्ट्या जवळ आल्या तरच हवेने थरथरतात, तोच आवाज. तुम्ही ओरडाल तेवढी हवा फटीतून वाया जाईल. नस सावरायला महिने लागतील.”

“आणि पातूर?” मी फुसफुसलो.

“मान डावीकडे वळवून म्हणा. फट थोडी मिटेल.”

वळवली. आवाज आला! बोकडाचा का होईना, पण आला.

पातूरला अंतरपाट धरला गेला. मी मान डावीकडे फिरवली आणि सुरू केलं. त्या बाजूला मांडवाच्या मेढीला एक म्हैस बांधलेली. रवंथ करताना तिच्या तोंडातून फेसाच्या तारा लोंबत होत्या, नाकपुड्यांवर माश्या बसल्या होत्या आणि प्रत्येक ‘सावधान’ला आंबट वाफ थेट माझ्या तोंडावर येत होती. मान सरळ करायची सोय नव्हती. सगळी मंगलाष्टकं मी त्या थोबाडाकडे बघत म्हटली. आवाज कुठे फाटला नाही, मागच्या चुलाणापर्यंत पोचला. अक्षता पडल्या आणि नवऱ्या मुलाचा आजा भर मांडवात ओरडला,

“ओ महाराज, नवरी इकडे हाये! त्या म्हशीले काहून आशीर्वाद देऊन राह्यले?”